रोज चालवायच्या गाडीला सुपरचार्जर, तेही मिशिगनच्या थंडीत

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून ढकलणारा, बेल्टवर फिरणारा ब्लोअर. त्याच्या किटचे जेवढे रिव्ह्यू वाचायला मिळतात ते बहुतेक सगळे उन्हाळ्यातल्या लोकांचे. गाडी शनिवारी काढायची, डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर चक्कर मारायची, नोव्हेंबर आला की कव्हर टाकून मोकळे. माझी 2015 ची मॅन्युअल सुबारू बीआरझेड बाराही महिने नोवी ते वॉरेन 696 हायवेवरून ऑफिसला जाते, बर्फ असो नसो, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या हिशोबाने वाचा.

बसवला का, तर हॉर्सपॉवरसाठी नाही खरं तर. या गाडीचं 2 लिटर इंजिन 200 हॉर्सपॉवर देतं पण 7000 आरपीएमला, आणि साडेतीन ते साडेचार हजारच्या मध्ये टॉर्कला, म्हणजे इंजिनच्या ओढीला, चक्क खड्डा आहे, नेमका जिथे आपण हायवेला मर्ज होतो तिथेच. मागून ट्रक येतोय, तुम्ही पाय दाबताय आणि गाडी म्हणते थांब जरा. रोजच्या रोज हे फार डोक्यात जातं.

म्हणून सेंट्रिफ्युगल प्रकार घेतलाच नाही. त्यात बूस्ट, म्हणजे ढकललेल्या हवेचा जास्तीचा दाब, आरपीएमबरोबर वाढत जातो, मजा सगळी वर सहा हजारच्या पुढे, आणि ऑफिसला जाताना तिथवर जातंय कोण. मी घेतला पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटवाला, म्हणजे ब्लोअर इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि दोन हजारपासूनच ढकलायला लागतो. या गाडीसाठी एडलब्रॉक, हॅरप, स्प्रिंटेक्स अशा तीन-चार कंपन्यांची किट आलेली आहेत, माझं कोणतं ते मुद्दाम सांगत नाही कारण पुढे ज्या कटकटी लिहितोय त्या एका ब्रँडच्या नाहीत, थंडीच्या आहेत. बूस्ट 6-7 पीएसआयच ठेवला. इंजिन हवा आधीच साडेबारा पट दाबतं (कम्प्रेशन रेशो 12.5), आतले कनेक्टिंग रॉड काही फार दणकट नाहीत, तिथे हावरटपणा करायचा नाही.

चालवायला कशी आहे? एका शब्दात, मोठी. तीन लिटरचं इंजिन टाकल्यासारखी वाटते. खड्डा गायब, पाचव्या गिअरमध्येच ओव्हरटेक होतो, गिअर बदलायचा कंटाळा आला तरी चालतं. कंपन्या 270-280 हॉर्सपॉवरचा आकडा सांगतात, पण मला विचाराल तर रोजच्या सुखात त्या आकड्यापेक्षा तो मधला टॉर्कच जास्त कामाचा. आणि लोकांना वाटतं गाडी सतत पेट्रोल पित असेल, तसं नाही, बायपास व्हॉल्व्ह असतो, हलका पाय असला की हवा ब्लोअरच्या भोवतीच फिरत राहते, बूस्ट शून्य. हायवेचं ॲव्हरेज जवळपास होतं तेवढंच आहे. सिटीत थोडं पडलं, पण त्यात माझ्या पायाचा दोष किती आणि ब्लोअरचा किती देव जाणे. आवाज मात्र येतो, बायकोच्या मते बोनेटखाली कोणीतरी कायम चटणी वाटतंय.

आता थंडी.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कॅच कॅनने. हा छोटा डबा क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागातून) येणाऱ्या वाफेतलं तेल अडवतो, बूस्टवाल्या गाडीला लावतातच. उन्हाळ्यात त्यात तळाला थोडंसं काळं तेल, विषय संपला. जानेवारीत झाकण उघडलं तर आत दुधाळ कॉफीच्या रंगाचा घट्ट चिखल, अर्ध्याहून वर. तेलापेक्षा पाणीच जास्त. इंजिन थंड, बाहेर उणे 15, वाफ डब्याच्या भिंतीला लागली की पाणी होतं आणि रात्रभरात गोठतं. ते गोठून नळी बंद झाली की क्रँककेसमध्ये प्रेशर वाढतं आणि सील बाहेर यायला लागतात, म्हणजे शंभर डॉलरच्या डब्यापायी इंजिन उतरवायची वेळ. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत दर रविवारी डबा रिकामा करायचा, आळस केला की गेलात. शिवाय डबा इंजिनच्या जवळ लावून घ्या, पुढे ग्रिलमागे थंड हवेत नाही. किटच्या माहितीपुस्तकात दिसायला सुबक म्हणून पुढचीच जागा दाखवली होती.

दुसरं, इंटरकूलर. या किटमध्ये हवा थंड करायला पाण्याचं वेगळं सर्किट असतं, स्वतःचा पंप, पुढे छोटा रेडिएटर. ट्रॅकवाले त्यात साधं पाणी घालतात कारण ते उष्णता चांगली ओढतं. इथे तसं केलं तर पहिल्याच हिवाळ्यात पाणी गोठून इंटरकूलरचा कोअर (आतल्या नळ्या) फुटणार. अर्धं कूलंट अर्धं पाणी घाला, उणे 35 पर्यंत काळजी नाही. आणि तो पुढचा रेडिएटर मार्चमध्ये नीट धुवा. डेट्रॉइटच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, रस्त्यावर टाकायचं मीठ तिथूनपण निघतं, आणि हिवाळा संपेपर्यंत त्यातलं बरंचसं माझ्या रेडिएटरच्या जाळीत आलेलं असतं.

तिसरं ट्यूनिंग, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोल वगैरेचं सेटिंग. उन्हाळ्यातल्या 30 डिग्रीपेक्षा उणे 15 ची हवा साधारण 17 टक्के घट्ट असते, तेवढंच पेट्रोल जास्त लागतं. म्हणजे जुलैत केलेला ट्यून जानेवारीत बरोबर असेलच असं नाही. ट्यूनरला थंडीतले लॉग (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले आकडे) पाठवून फ्युएल पंप आणि इंजेक्टरला जागा उरलीय ना ते विचारून घ्या. गंमत अशी की गाडी सगळ्यात जास्त ताकद देते ती फेब्रुवारीत, जेव्हा रस्त्यावर ती लावायची सोयच नसते. बर्फासाठीचे ब्लिझॅक टायर आहेत, तरी बर्फात दुसऱ्या गिअरला पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवावा लागतो. आणि पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल तापलं असं नाही, तेलाचा वेगळा गेज लावा, 80 डिग्री होईपर्यंत बूस्टला हात लावायचा नाही.

बसवणारं गॅरेज इथलंच, नाव देत नाही. काम स्वच्छ, वायरिंग बघून समाधान वाटलं, पण डिलिव्हरीला आठवडाभर उशीर आणि 'मी ही रोज चालवणार' म्हटल्यावर मान डोलवून त्यांनी उन्हाळ्याचंच सेटअप दिलं. थंडीतलं सगळं मला स्वतः विचारून करून घ्यावं लागलं.

खर्चाचं बोलायचं तर किट सहा-सात हजार डॉलर, बसवणं-ट्यूनिंग धरून आणखी दोनेक हजार. वर तेल लवकर बदला, स्पार्क प्लग एक स्टेप कोल्ड (म्हणजे कमी तापणारे), पेट्रोल कायम 93 ऑक्टेनचं. वॉरंटीसाठी लोक मॅग्नसन-मॉस कायद्याचा हवाला देतात, तो खरा आहे, नुसता बाहेरचा पार्ट लावला म्हणून कंपनी सगळी वॉरंटी उडवू शकत नाही, पण रॉड तुटल्यावर कारण दाखवायला त्यांना किती वेळ लागेल? पाच मिनिटं. इन्शुरन्सवाल्याला आधीच कळवा. मिशिगनमध्ये स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) नाही, कॅलिफोर्नियावाल्यांनी मात्र ईओ नंबर, म्हणजे तिथल्या सरकारची मंजुरी, असलेलंच किट बघा.

पुण्याहून चुलतभाऊ विचारतो, आपल्याकडे बसवता येईल का. अरे आरटीओचं राहू दे बाजूला, पंपावरचं पेट्रोल बघ आधी. इथला 93 म्हणजे तुमच्याकडच्या मोजमापाने 97-98, आणि तिथलं साधं पेट्रोल आधी 91 होतं, आता 20 टक्के इथेनॉल मिसळूनही 95च्या आसपास.

पाचपैकी चार देईन, पण अट आहे: घराला गॅरेज हवं आणि रविवारी बोनेट उघडायची हौस हवी. अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये राहत असाल तर सरळ जुनी विकून 2022 नंतरची 2.4 लिटरवाली घ्या, 228 हॉर्सपॉवर, टॉर्कचा तो खड्डा कंपनीनेच बुजवलाय, वॉरंटीसकट.

आणि घेतलंच किट, तर एक स्पेअर बेल्ट डिकीत टाका. माझ्यात ब्लोअर, अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच लांब बेल्टवर आहेत, तो तुटला की गाडी जागेवर उभी, आणि त्या लांबीचा बेल्ट रात्री नऊला कुठल्या दुकानात मिळेल याची खात्री नाही.