कागदावर प्रथिनं ४५ टक्के, पोत्यात युरिया

सोयाबीन पेंड घेताना विक्रेत्याने माझ्यासमोर प्रयोगशाळेचा अहवाल ठेवला. प्रथिनं ४५ टक्के. मी तो आकडा बघितला आणि पोती उतरवून घेतली. पुढे कळलं की अहवाल खोटा नव्हताच, आणि फसवणूक नेमकी तिथेच होती.

आठ-दहा दिवसांत गाईंचं शेण पातळ झालं. पहाटे गोठ्याचं दार उघडलं की नाकाला झोंबणारा वास यायचा. दूध वाढायचं सोडून रोज थोडं थोडं उतरत होतं. विक्रेता म्हणाला, "नवीन खुराक आहे, अंगी लागायला वेळ लागतो." मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

मग एका सकाळी तळाशी आलेलं पोतं गव्हाणीत झटकलं. पहिलारू गाईने तोंड घातलं आणि अर्ध्या तासात ती थरथरायला लागली, तोंडाला फेस, पोट टम्म. डॉक्टरांनी थंड पाणी आणि व्हिनेगर पाजलं, म्हणून वाचली. पोत्याच्या तळाशी खडे होते. पांढरे, ओलसर, हातात धरले तर गार लागणारे. युरिया.

ही लबाडी चालते कशी, तेही सांगतो. नेहमीच्या तपासणीत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे हिशोबात एक किलो युरिया पावणेतीन किलोहून जास्त प्रथिनांएवढा भरतो. आम्ही पुन्हा तपासून घेतलं तेव्हा शंभर किलोत ३ किलो युरिया निघाला. ४५ टक्क्यांतले साडेआठ टक्के नुसते कागदावरचे! चीनमध्ये २००८ साली लहान मुलांच्या दूध पावडरीसाठीच्या दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन घातलं गेल्याचं उघड झालं, तेही याच हिशोबाच्या जोरावर.

युरिया मुळात विष नाही. गाईच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले जिवाणू त्याचा अमोनिया वापरून स्वतःची प्रथिनं बनवतात, पण त्यासाठी त्यांना धान्य, मळी अशी ऊर्जा सोबत लागते आणि प्रमाण जेमतेम लागतं. खुराकात एक टक्का, तोही सांगून आणि हळूहळू सवय लावून. जास्त झाला की अमोनिया रक्तात जातो, यकृताला त्याचा पुन्हा युरिया करावा लागतो आणि त्यात गाईची ताकद फुकट जाते. भरपूर दूध देणाऱ्या गाईला तर पोटातून पुढे आतड्यात पोहोचणारं खरं प्रथिन हवं असतं. पैसे मी त्याचेच मोजले होते.

डॉक्टरांनी दुधातलं युरिया-नायट्रोजन तपासायला लावलं. १०० मिलिलिटरला १० ते १४ मिलिग्रॅम असायला हवं, आमचं २४ आलं.

आता पेंड घेताना मी अहवालात युरियाचा, म्हणजे प्रथिनेतर नायट्रोजनचा, आकडा वेगळा मागतो. तो द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेत नाही. घरीही बघता येतं. पेंड कोमट पाण्यात कालवायची, त्यात न भाजलेल्या सोयाबीनचं पीठ टाकून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण काढल्यावर अमोनियाचा भपकारा आला, तर पोतं परत. कच्च्या सोयाबीनमधलं विकर युरिया फोडतं, म्हणून हा वास येतो. आणि पोतं वरून नाही, तळातून उघडून बघा.

पेंड बदलल्यावर दूध हळूहळू सावरलं. त्या काळात रेतन केलेल्या दोन गाई मात्र उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, आणि त्यातली एक अजून गाभण राहिलेली नाही.