सव्वाशे, अडीचशे की तीनशे? टू-स्ट्रोक डर्ट बाइक घेताना वजनाचा हिशेब

"दादा, नऊ किलोंनी खरंच एवढा फरक पडतो का?" एका मित्राच्या धाकट्या भावाने विचारलं. तो सिएटलला नवीन आलाय. टाहुयाच्या जंगलात दोन-तीनदा दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि आता स्वतःची टू-स्ट्रोक हवी म्हणून तीन गाड्यांचा तक्ता करून बसला होता: यामाहा वायझेड १२५ एक्स, यामाहा वायझेड २५० एक्स आणि केटीएम ३०० एक्ससी-डब्ल्यू. त्यातला वजनाचा रकाना त्याने पिवळा रंगवला होता. सोयीसाठी यांना इंजिनाच्या सीसीवरून सव्वाशे, अडीचशे आणि तीनशे म्हणू.

पहिली गफलत त्या पिवळ्या रकान्यातच होती, आणि तिथे भलेभले फसतात. यामाहाचा आकडा पेट्रोल-तेल भरलेल्या गाडीचा असतो: सव्वाशे ९५ किलो, अडीचशे १०४ किलो. केटीएमचा आकडा पेट्रोल न भरता असतो आणि तोही १०४ च्या आसपासच आहे. त्यामुळे कागदावर अडीचशे आणि तीनशे जुळ्या बहिणी दिसतात. पण लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या जवळ भरतं आणि तीनशेच्या टाकीत साधारण नऊ लिटर मावतं. टाकी भरली की ती ११० किलोंवर जाते. म्हणजे खरी उतरंड ९५, १०४, ११० अशी. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडण्याआधी ते कशासकट आहेत एवढं तरी बघा.

आता जरा जमिनीवर येऊ. आपण ज्या आरएक्स १०० वर लहानाचे मोठे झालो, तिचं वजन १०३ किलोंच्या आसपास आणि ताकद ११ अश्वशक्ती. अडीचशेचं वजन जवळपास तेवढंच, ताकद चौपटीच्या घरात. एक्सपल्स २०० चार-व्हॉल्व्ह १५८ किलोंची, नवी हिमालयन ४५० तर १९६ ची. त्यामुळे या तिघींपैकी कुणालाही 'जड' म्हणताना माझी जीभ अडखळते.

पण गाडी पडली की हे सगळं विसरायला होतं.

टाहुयात झाडांची मुळं फार. पावसात भिजलेलं, वाटेला तिरकं गेलेलं मूळ म्हणजे निव्वळ साबण. पुढचं चाक त्यावरून सटकतं आणि गाडी उताराच्या बाजूला आडवी होते: हँडल खाली, चाकं वर. अशी गाडी तशीच उचलायला गेलात तर कुस्ती गाडीशी राहत नाही, डोंगराशी होते. आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मग मागचं चाक धरून गाडी जमिनीवरच गरागरा फिरवायची. चाकं उताराकडे आली की हँडलला मांडीचा टेकू देऊन उठवायची. माझ्या पहिल्याच पावसाळी फेरीत मी कॉक विसरलो. गाडी आडवी, मी शेजारी बसून धापा टाकतोय आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतंय. उठवल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारत बसलो. बाविसाव्या किकला ती खोकली, निळा धूर सोडला आणि सुरू झाली. तोवर उजव्या पायात गोळा आला होता.

त्या दिवशी मला समजलं की गाडी चालते तोवर वजन इंजिन वाहतं. बंद पडली की आपण. म्हणून नऊ किलोंचा प्रश्न खरं तर 'मी दिवसातून किती वेळा गाडीवरून उतरणार' असा विचारायला हवा. पहिल्या पडण्यात ९५ आणि १०४ मधला फरक कळतही नाही. घळीत अडकलेलं मागचं चाक उचलताना तर गाडीचं अर्धंच वजन हातात येतं, म्हणजे नऊचे साडेचार किलो होतात. पण दुपारी, अकराव्या पडण्यात, तेच साडेचार किलो कमरेत बोलायला लागतात.

इथे सव्वाशेचं घोडं अडतं. हलकी आहे, वळणात मनात आणलं की वळते, घाटातल्या सायकलसारखी खेळवता येते. पण तिची ताकद वरच्या आरपीएमला. खाली काहीच नाही. मुळांच्या चढावर वेग तुटला की क्लच ओढा, गिअर टाका, इंजिन किंचाळवा, आणि एवढं करून वर नाही पोचलात तर उतरून ढकला. अडीचशे तोच चढ दुसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर चढून जाते. नऊ किलो वाचवून तुम्ही तीनदा जास्त उतरलात तर वाचवलं काय? नवख्याला 'आधी सव्वाशे घे, हलकी असते' असं सर्रास सांगतात. ते मला अर्धंच पटतं. क्लच, गिअर आणि वेग राखणं शिकायला तिच्याइतका कडक मास्तर नाही. पण हा मास्तर मारतोही.

वजन हेच सर्वस्व असतं तर ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत होणारी शर्यत सव्वाशेवाल्यांनीच गाजवली असती. तिथे दरड आणि दगडांतून गाड्या अक्षरशः दोऱ्या लावून ओढाव्या लागतात. २०१८ साली ग्रॅहम जार्विसने ती जिंकली, ती तीनशे सीसीच्या टू-स्ट्रोकवर. हा माणूस मूळचा ट्रायल्सचा, म्हणजे पाय न टेकवता अडथळे पार करायच्या खेळातला, जिथल्या गाड्या सत्तर किलोंच्या आसपास असतात आणि बसायला धड सीटही नसते. हलकेपणाची किंमत त्याच्याहून कुणाला ठाऊक असणार?

तीनशेचा ७२ मिलिमीटरचा पिस्टन खालच्या आरपीएमलाही ट्रॅक्टरसारखा ओढतो. एवढा मोठा पिस्टन हाताला झिणझिण्या आणेल म्हणून आत बॅलन्सर शाफ्ट घातलाय. त्याचं वजन, बॅटरीचं वजन, स्टार्टर मोटरचं वजन. कागदावर हे सगळं वाईट. पण उतारावर तिरक्या उभ्या गाडीला किक मारायला पाय टेकवायची जागा नसते, तेव्हा अंगठ्याने बटण दाबून ती सुरू होणं याला मोल नाही. एरवी मी गाडीतल्या प्रत्येक किलोवर कुरकुरतो, बटणाच्या किलोंवर कधी नाही. दोन्ही यामाहांना बटण नाही, किकच. गुडघा दुखरा असेल तर निर्णय इथेच झाला.

दुसरी गोष्ट, वजन किती यापेक्षा कुठे आहे हे जास्त जाणवतं. फोर-स्ट्रोकमध्ये कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हचा सगळा संसार इंजिनाच्या डोक्यावर असतो. टू-स्ट्रोकच्या डोक्यावर स्पार्क प्लग आणि झाकण, बस. म्हणून डब्ल्यूआर २५० एफ ११५ किलोंची असली तरी हातात त्याहून जड लागते. चाकांचंही तसंच: मागच्या टायरमध्ये जाड ट्यूब घातली की पंक्चर टळतं, पण वाढलेलं वजन सस्पेन्शनच्या खाली येतं आणि प्रत्येक मुळावर जाणवतं. आणि टाहुयाच्या चिखलाचं विचारू नका. गार्डखाली तो इतका साचतो की टायटॅनियमचे बोल्ट लावून वाचवलेले ग्रॅम कुठल्या कुठे जातात.

गंमत अशी की टू-स्ट्रोकवाले पैसे मोजून वजन चढवतातही. अडीचशेचं इंजिन त्यासोबत फिरणाऱ्या हलक्या चाकामुळे, म्हणजे फ्लायव्हीलमुळे, चटकन फिरतं आणि दगडांत हळू चालवताना तितक्याच चटकन बंद पडतं. म्हणून जंगलात चालवणारे बरेच जण डावं कव्हर उघडून फ्लायव्हीलवर वजनाचं कडं बसवतात, पाव किलोच्या आसपासचं. ताकद वाढत नाही, पण ती अंगावर येणं थांबतं आणि क्लचवरचं बोट मोकळं होतं. हे सांगितल्यावर आमचा तक्तावाला दोन मिनिटं गप्प बसला.

मग मी त्याला त्याचं वजन विचारलं. ८८ किलो. तक्त्यात हा रकाना नव्हताच! त्यात बूट, हेल्मेट, चिलखत आणि पाठीवर तीन लिटर पाणी मिळवा. माणूस गाडीइतकाच जड. कारखान्यातल्या स्प्रिंगा साधारण पंचाहत्तरीच्या माणसाला धरून असतात. तो बसल्यावर मागची बाजू जास्त खचते, पुढचं चाक हलकं पडतं, वळणात निसटतं, आणि माणूस म्हणतो गाडी जड आहे. पूर्ण तयारीनिशी बसून मागची बाजू साधारण १०० मिलिमीटर खचली पाहिजे. जास्त खचत असेल आणि प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) घट्ट करूनही जुळत नसेल तर स्प्रिंग बदला. पाच किलो हलकी गाडी शोधण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. उलट बाजूही खरी: ५५-६० किलोंच्या माणसाला ९५ आणि ११० मधली दरी मोठी, त्याच्यासाठी सव्वाशेचा हलकेपणा नुसता आकडा नाही.

नव्या गाड्यांचे भाव ढोबळ धरले तर सव्वाशे सात हजार डॉलरच्या पुढेमागे, अडीचशे आठच्या, तीनशे दहा-अकराच्या. सव्वाशे-अडीचशेत हजार डॉलर फार नाहीत, पण अडीचशे-तीनशेतले दोन-तीन हजार बटण, बॅलन्सर आणि मऊ ताकदीचे आहेत.

माझं मत विचाराल तर: अंग हलकं, वय कमी, पडायची हौस आणि शिकायची घाई असेल तर सव्वाशे. दिवसभर दगड-मुळांत हळूहळू चढायचंय, गुडघा कुरकुरतो, खिसा परवानगी देतो, तर तीनशे, आणि ते वरचे पंधरा किलो मनावर घेऊ नका. बाकी सगळ्यांना अडीचशे, तीही वापरलेली आणि नीट राखलेली. घेण्याआधी मालकाची परवानगी काढून ती गवतावर आडवी करा आणि उचला. एकदा नाही, पाचदा, लागोपाठ. पाचव्यांदा श्वास कसा लागतो ते बघा.

त्याने वापरलेली अडीचशे घेतली. मागच्या रविवारी दगडांच्या वाटेवर ती सातदा बंद पडली म्हणे. रात्री मेसेज आला: "दादा, फ्लायव्हीलचं वजन नऊ औंसाचं घेऊ की अकराचं?"