सीझन तिकीट घ्यायचं की चार सामने निवडायचे? फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोना स्टेटचा २०२४चा हिशेब

अमेरिकेत विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाची फुटबॉलपासून (तो हेल्मेटवाला) सुटका नसते. पहिल्या वर्षी तो शनिवारी पार्किंग मिळत नाही म्हणून करवादतो, तिसऱ्या वर्षी सीझन तिकिटाचे दर बघायला लागतो. आणि नेमका त्याच वेळी संघ गेल्या मोसमात आपटलेला असतो, कोच ‘नवी बांधणी चालू आहे’ असं सांगत असतो आणि यंदाचं वेळापत्रक आणखी कठीण असतं. १२ पैकी ६ सामने जिंकले की बोल गेम, म्हणजे मोसम संपल्यावरचा एक जादा सामना, पदरात पडतो. त्यामुळे सगळ्यांच्या अपेक्षा त्या ६ च्या आकड्याभोवती घुटमळतात.

माझ्या मते तो आकडा फसवा आहे. का, ते बघायला २०२४चे दोन संघ शेजारी ठेवू.

फ्लोरिडा २०२३ मध्ये ५-७, म्हणजे ५ विजय आणि ७ पराभव. अ‍ॅरिझोना स्टेट त्याच वर्षी ३-९. दोघांपुढचं काम २०२४ मध्ये वाढलं होतं. फ्लोरिडाच्या लीगमध्ये, म्हणजे एसईसीत, टेक्सस आणि ओक्लाहोमा आले, त्यातलं टेक्सस फ्लोरिडाच्या वाट्याला आलं. शिवाय जॉर्जिया, टेनेसी, एलएसयू, ओल मिस, आणि लीगबाहेरचे मायामी आणि फ्लोरिडा स्टेट. अ‍ॅरिझोना स्टेट मोडकळीला आलेल्या पॅक ट्वेल्व्ह लीगमधून बिग ट्वेल्व्ह लीगमध्ये गेलं. (नाव ट्वेल्व्ह, संघ १६. विचारू नका.) तिथल्या पत्रकारांनी मोसमापूर्वीच्या अंदाजात त्यांना सोळावं, म्हणजे शेवटचं स्थान दिलं होतं.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. फ्लोरिडा ८-५. अ‍ॅरिझोना स्टेट ११-३, बिग ट्वेल्व्हचं विजेतेपद, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, टेक्ससविरुद्ध दोन ओव्हरटाइमनंतर ३१-३९ अशी हार. यावरून कुणीही म्हणेल की एक संघ उभा राहिला आणि दुसरा धडपडत राहिला.

आता दोघांचे समान प्रतिस्पर्धी काढा. मिसिसिपी स्टेटला फ्लोरिडानं त्यांच्याच मैदानावर ४५-२८ असं हरवलं. अ‍ॅरिझोना स्टेटला घरच्या मैदानावर ३०-२३ पर्यंतच जाता आलं. यूसीएफला फ्लोरिडानं २४-१३, अ‍ॅरिझोना स्टेटनं ३५-३१. दोन्ही वेळा फ्लोरिडाचं पारडं जड! तिसरा समान प्रतिस्पर्धी टेक्सस. तिथे फ्लोरिडाचा १७-४९ असा धुव्वा उडाला, पण त्या दिवशी त्यांचा तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) खेळत होता. ग्रॅहम मर्ट्झचा गुडघा टेनेसीत गेला होता आणि डीजे लॅगवे जॉर्जियाविरुद्ध जखमी झाला होता.

म्हणजे ११ आणि ८ या आकड्यांमध्ये जेवढं अंतर दिसतं, तेवढं या दोन संघांमध्ये नव्हतं. बरंचसं अंतर वेळापत्रकानं पाडलं. उरलेलं थोडं नशिबानं, कारण अ‍ॅरिझोना स्टेटनं नियमित मोसमात जिंकलेल्या १० सामन्यांपैकी ६ सामने ८ किंवा कमी गुणांच्या फरकानं जिंकले. टेक्सस स्टेटविरुद्ध ३, कॅन्ससविरुद्ध ४. असे सामने इकडचे तिकडे व्हायला एक हुकलेली किक पुरते. सिनसिनाटीत हरल्यावर त्यांचा कोच केनी डिलिंगहॅम किकवर इतका वैतागला, की सोमवारी किकरची चाचणी घेऊ असं त्यानं जाहीरच करून टाकलं.

तरी सगळंच नशिबावर ढकलणं अन्यायाचं होईल. अ‍ॅरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटेबो मोसमभरात चेंडू घेऊन १,७११ यार्ड धावला. असा गडी असला की अटीतटीचे सामने आपल्याकडे झुकतात. तो सॅक्रमेंटो स्टेटमधून आलेला, क्वार्टरबॅक सॅम लेविट मिशिगन स्टेटमधून. वसीम जाफर मुंबईकडून खेळून पुढे विदर्भाकडे गेला आणि २०१७-१८ पासून विदर्भानं लागोपाठ दोन रणजी करंडक उचलले, तो प्रकार आठवा. इथे फरक एवढाच की असे पाहुणे दर वर्षी घाऊक भावात येतात आणि जातात. म्हणून गेल्या वर्षीचा ३-९ हा आकडा यंदाच्या संघाबद्दल फार काही सांगत नाही. त्यातले कितीतरी खेळाडू आता दुसरीकडेच असतात.

आता तिकिटाकडे. तिकीट काढणाऱ्यानं एकूण निकाल बघून उपयोग नाही, घरच्या मैदानावरचा बघावा. गेन्सव्हिलच्या ‘स्वॉम्प’मध्ये, म्हणजे फ्लोरिडाच्या घरच्या मैदानावर, त्या वर्षी ७ सामने झाले, फ्लोरिडा त्यातले ५ जिंकलं. वाईट नाही! पण क्रम बघा. ३१ ऑगस्टला मायामीनं ४१-१७ असं झोडपलं, १४ सप्टेंबरला टेक्सस ए अँड एमनं ३३-२०. पहिल्या तीन घरच्या सामन्यांत दोन पराभव, कोच बिली नेपिअरला काढा असा गलका, आणि तिकिटं मित्रांच्या गळ्यात मारायची घाई. पुढे नोव्हेंबरात त्याच मैदानावर एलएसयूला २७-१६ आणि लगेच पुढच्या आठवड्यात ओल मिसला २४-१७ हरवलं. मोसमातले सगळ्यात देखणे दोन शनिवार तेच. तिकिटं आधीच विकलेल्यांनी ते टीव्हीवर बघितले.

टेम्पीत, अ‍ॅरिझोना स्टेटच्या गावात, हा प्रश्नच आला नाही. घरच्या ६ पैकी ६ जिंकले, नियमित मोसमातले दोन्ही पराभव बाहेरगावी. तिथे शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांना फुटबॉल पहिल्यांदा कळला तो बहुधा याच वर्षी.

तुमच्या संघाचं वेळापत्रक फ्लोरिडासारखं असेल, म्हणजे तगडे पाहुणे घरी येणार आणि तेही सुरुवातीलाच, तर पूर्ण मोसमाचं तिकीट घेऊ नये. पहिले दोन पराभव होऊ द्यावेत, मग पडेल भावात नोव्हेंबरचे सामने उचलावेत. अपेक्षा ६ विजयांची ठेवावी, पण दुसरा क्वार्टरबॅक कोण हे बघून. तो कच्चा असेल तर ५. वेळापत्रक अ‍ॅरिझोना स्टेटसारखं असेल, लीग नवी पण अजिंक्य वाटावा असा संघ तिच्यात फारसा नाही आणि अवघड प्रवास कमी, तर सगळी तिकिटं घ्यावीत. तळाला धरलेल्या संघाला अशाच लीगमध्ये उसळी मारता येते. मधलं काही असेल तर घरचे सामने पेननं वेगळे काढून मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

एसईसीवाल्यांनी आणखी एक बेरीज करावी. २०२६ पासून तिथे प्रत्येक संघ लीगमध्ये ८ ऐवजी ९ सामने खेळणार. संघ १६, म्हणजे एकूण ८ सामने वाढले. त्यातून ८ जादा पराभव कुणाच्या तरी खात्यात जाणारच, आणि बांधणी चालू असलेला संघ त्या रांगेत पुढे उभा असतो. तिथे ६ ची अपेक्षा ५ वर आणायला मला तरी कमीपणा वाटणार नाही.

आणि नोव्हेंबरच्या झिंगेत पुढच्या वर्षाचे पैसे भरू नका. २०२४च्या त्या शेवटानंतर फ्लोरिडाला २०२५च्या सुरुवातीला पहिल्या २५ संघांत जागा मिळाली. घरच्या दुसऱ्याच सामन्यात साउथ फ्लोरिडानं १८-१६ असं हरवलं, ऑक्टोबरात नेपिअरची नोकरी गेली, आणि मोसम ४-८ वर संपला. अ‍ॅरिझोना स्टेट ११ वरून ८ विजयांवर आलं.