पर्थ ते डॅम्पिअर द्वीपकल्प: भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये पाच माणसं

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किम्बर्लीच्या किनाऱ्यासाठी भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बघायला जाल तेव्हा आधी स्वयंपाकघर बघू नका, खिडक्या बघा. जाळी बघा, दाराची रबरं बघा, बंकवर, म्हणजे एकावर एक असलेल्या झोपायच्या फळ्यांवर, पंखा आहे का बघा. आम्ही नेलेली वीस फुटी फॅमिली कॅराव्हॅन मला मनापासून आवडली आणि मी ती पुन्हा घेईन. पण ज्या गोष्टींमुळे ती आवडली त्यांतली एकही कंपनीच्या जाहिरातीत नव्हती, आणि जाहिरातीत जे मोठ्या अक्षरांत होतं त्यातलं बरंचसं तिकडच्या हवेत कामाला आलं नाही. पाचपैकी चार तारे देते. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

माणसं आम्ही पाच. मी, नवरा, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि भारतातून आलेल्या सासूबाई. ओढायला आमचीच प्राडो जीप. पर्थ ते किम्बर्लीच्या किनाऱ्यावरचं ब्रूम साधारण २,२०० किलोमीटर आहे, आणि त्यातला पोर्ट हेडलंडनंतरचा सहाशेएक किलोमीटरचा पट्टा असा की ब्रूम जवळ येईपर्यंत डिझेल मिळतं ते पार्डू आणि सँडफायर या दोनच रोडहाउसवर. आम्ही सप्टेंबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीत गेलो. जून-जुलैत तिकडच्या रात्री गार असतात, तेव्हा कुठलीही कॅराव्हॅन बरी वाटेल. सप्टेंबरअखेर दुपार तापते, रात्री हवा दमट होऊ लागते, आणि गाडी खरी कशी आहे ते तेव्हा कळतं.

सुरुवात वजनापासून करते, कारण गाडी देताना यावर कोणी चकार शब्द काढला नाही. कॅराव्हॅनवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि जास्तीत जास्त मान्य वजन लिहिलेलं असतं. या दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं सामान. आमच्या गाडीत तो फरक साडेचारशे किलो होता. ऐकायला भरपूर वाटतं. पण पाण्याच्या दोन टाक्या ९५-९५ लिटरच्या, म्हणजे १९० किलो तिथेच गेले. दोन भरलेले गॅस सिलिंडर, ऑनिंगच्या (बाहेर उघडणाऱ्या कापडी छताच्या) भिंती, खुर्च्या, हत्यारांची पेटी धरली की पाच जणांच्या कपड्यांना आणि किराण्याला उरतं ते तोलूनमापूनच. निघायच्या आधी वजनकाट्यावर गाडी न्याच. आणि वजन कुठे ठेवलंय तेही महत्त्वाचं. हिचवर, म्हणजे कॅराव्हॅन गाडीला जोडतात त्या सांध्यावर, एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यायला हवा. मागच्या बाजूला जड सामान कोंबलं की शेपटी हलायला लागते.

ही शेपटी हलणं म्हणजे काय, ते रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, ओलांडून जाते तेव्हा समजतं. ग्रेट नॉर्दर्न हायवेवर ५३.५ मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन चालतात. ती शेजारून जाताना तिच्यापुढचा वारा आधी तुम्हाला बाहेर ढकलतो, मग ती पुढे सरकली की आत ओढतो. निम्म्याहून जास्त अंतर मी स्वतः चालवलं आणि या बाबतीत आमच्या कॅराव्हॅनला पैकीच्या पैकी गुण. स्वतंत्र सस्पेन्शन, वजन विभागणारा हिच आणि वेळेवर लागणारे इलेक्ट्रिक ब्रेक. स्टिअरिंग घट्ट धरून, पाय जागेवर ठेवून बसलं की गाडी सरळ राहते. मागे कॅराव्हॅन ओढताना वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. आम्ही नव्वदवर राहिलो आणि गाड्यांनी आपसांत बोलायचा यूएचएफ रेडिओ चाळीस नंबरच्या चॅनलवर ठेवला. मागून येणारा ड्रायव्हर त्यावर सांगतो, आपणही त्याला सांगू शकतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा नियम मात्र पाळाच. संध्याकाळ झाली की गुरं आणि कांगारू रस्त्यावर येतात.

एटी माइल बीचला हायवे सोडून जवळजवळ दहा किलोमीटर कच्च्या रस्त्याने जावं लागतं. लाल माती, वर पन्हळी. इथे या गाडीने मला जिंकलं. छतावर पुढच्या दिशेला तोंड असलेली एक झडप आहे. गाडी चालताना तिच्या गाळणीतून हवा आत शिरते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो, आणि मग फटींतून धूळ आत यायच्याऐवजी हवाच बाहेर पडत राहते. बाकी खिडक्या घट्ट बंद आणि ही झडप उघडी, असं असेल तरच ती काम करते. गाडी देणाऱ्याने हे सांगितलं नाही, मी ते माहितीपुस्तिकेत वाचलं. मुक्कामी पोचल्यावर पलंगावरून बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. सिंकखालचा खण उघडला तर ताटांच्या कडेकडेने विटकरी रंगाची बारीक रेघ. दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर दोन बोटं फाटलेलं होतं, तिथून आली होती. एवढंसं रबर बदलायला कंपनीला काय लागतं? भाड्याच्या गाड्या दर हंगामात याच रस्त्यांवर जातात, तपासणीच्या यादीत रबर असायलाच हवं. एक सूचना: धुळीला वैतागून दाराखालच्या हवेच्या फटी चिकटपट्टीने बंद करून ठेवू नका. त्या गॅससाठी असतात. प्रवासात बंद केल्याच, तर शेगडी पेटवायच्या आधी उघडा.

आता उकाडा. जाहिरातीत एसीचा फोटो सगळ्यात मोठा. ब्रूमच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये, जिथे विजेचं कनेक्शन मिळतं, तिथे तो एसी उत्तम चालला. पण या किनाऱ्यावरच्या सगळ्यात सुंदर जागांवर वीज नसते. एसीला हजार वॉटच्या वर लागतात. आमची लिथियमची बॅटरी दोनशे अँपिअर-अवरची, म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज, आणि इन्व्हर्टरही तेवढ्या दमाचा नव्हता. ब्रूमच्या उत्तरेच्या डॅम्पिअर द्वीपकल्पावर एसी निव्वळ शोभेचा. छतावरच्या सोलरवर फ्रिज, दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप मात्र एकदाही अडले नाहीत, हे आवर्जून सांगते.

अशा रात्री झोप लागली ती खिडक्यांमुळे. दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या, वरच्या कडेला बिजागरी असलेल्या, छज्जासारख्या बाहेर उघडणाऱ्या. शिंतोडे आले तरी बंद कराव्या लागत नाहीत. चारही बाजूंना खिडक्या, दोन्ही बंकना वेगळी खिडकी आणि वेगळा छोटा पंखा. पंखा नसलेला बंक म्हणजे पोळ्यांचा गरम डबा, पोरांना सकाळी घामाने निथळत बाहेर काढावं लागतं. आमची मुलं सकाळी उठायलाच तयार नव्हती, याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. गाडी लावताना तिची लांब बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका, अरुंद बाजू येऊ दे. दुपारनंतर जो पत्रा तापतो तो रात्री दहापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. सासूबाईंचं यावर बारीक लक्ष असायचं. नवरा गाडी मागे घेत असताना त्या बाहेर उभ्या राहून पदर वाऱ्यावर धरायच्या आणि म्हणायच्या, “अरे, अजून थोडी तिरकी घे, वारा इकडून येतोय.” त्यांचं ऐकून लावली त्या जागी सगळ्यात शांत झोप लागली.

जाळीपाशी हा एक तारा गेला. ब्रूमला आम्ही पौर्णिमेला पोचलो, कारण मार्च ते ऑक्टोबरच्या दरम्यान पौर्णिमेच्या आसपास रोबक बेच्या ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर चंद्र उगवताना त्याच्या प्रकाशाच्या पायऱ्या दिसतात. तो देखावा बघायलाच हवा. सगळा किनारा गप्प होऊन बघतो. पण पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीबरोबर खाजणातल्या मिजही वाढतात. मिज म्हणजे चिलटाहून बारीक चावरी माशी. नेहमीच्या जाळीतून ती आरामात आत येते. आमच्या गाडीला हीच नेहमीची जाळी होती. मुलीच्या पोटऱ्यांवर सकाळी लाल गांध्या. दुसऱ्या रात्री सासूबाईंनी त्यांची मलमलची ओढणी दुहेरी करून दोघींच्या पलंगाच्या खिडकीला आतून क्लिपांनी लावली. माशी थांबली, पण वाराही थांबला. शेवटी ओढणी एकेरी केली आणि पंखा थेट अंगावर सोडला. या माश्यांना उडायचं बळ कमी, पंख्याच्या झोतासमोर त्या टिकत नाहीत. बारीक विणीची जाळी बाजारात मिळते. उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक भाड्याच्या कॅराव्हॅनला ती असायला हवी, आणि हे मी अगदी ठामपणे म्हणते. लहान मुलांना आठ-आठ दिवस खाज सुटते.

भरती-ओहोटीचा विषय निघालाच आहे तर, इथे पाणी १० मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. गँथोम पॉइंटचे डायनोसॉरचे ठसे, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे, अगदी खालच्या ओहोटीलाच दिसतात. भरतीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा आणि दिवस त्याप्रमाणे आखा. खडकांवर गेलात तर पाणी परतायच्या आधी निघा. खाड्यांच्या तोंडाशी मगरींच्या पाट्या असतात, तिथे मुलांना घोट्याएवढ्या पाण्यातही सोडू नका.

ब्रूमहून उत्तरेला केप लेव्हेक रोड २०२० मध्ये पूर्ण डांबरी झाला, त्यामुळे कॅराव्हॅन घेऊन द्वीपकल्पावर जाणं आता सहज जमतं. वाटेत बीगल बेचं चर्च लागतं, १९१८ चं. आतली वेदी शिंपल्यांच्या मोत्यासारख्या चमकणाऱ्या अस्तराने आणि कवड्यांनी मढवलेली. सासूबाई तिथे बाकावर बसल्या त्या उठेनात. पुढे सिग्नेट बेला मोत्यांची शेती १९४६ पासून चालत आलेली आहे, तीही बघण्यासारखी. तिथून पलीकडे बार्डी जावी या मूळनिवासी लोकांचा प्रदेश. या वस्त्यांमध्ये सगळीकडे पर्यटकांना मुभा नसते. जिथे बोलावतात तिथेच जावं, प्रवेशाचे पैसे आनंदाने द्यावेत. आम्ही उतरलो ती जागा एका स्थानिक कुटुंबाची, डांबरी रस्त्यापासून जवळ, विजेशिवाय. लाल कडे, पांढरी वाळू, समोर कुबड्या देवमाशांची माय-लेकरं. त्या ऑनिंगच्या सावलीत आम्ही जे बसलो ते बसलोच.

जागा जवळची का निवडली? इथेच माझी खरी तक्रार आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत ‘ऑफ-रोड’ लिहिलेलं. करारात, आतल्या पानावर, बारीक अक्षरांत: कच्चा रस्ता फक्त नेहमीच्या कॅम्पग्राउंडपर्यंतचा आणि देखभालीतला, वाळूच्या वाटेवर विमा लागू नाही. ब्रूमच्या उत्तरेला मानारी रोडवर क्वॉन्डाँग पॉइंट, जेम्स प्राइस पॉइंट अशा मोकळ्या जागा आहेत, त्यांचे फोटो बघूनच कित्येक जण अशी गाडी घेतात. तिथे ती या कराराखाली नेताच येत नाही. आम्ही कॅराव्हॅन ब्रूमला ठेवून, टायरमधली हवा कमी करून नुसत्या प्राडोने जाऊन आलो. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. त्या वाळूत अडीच टनाची गाडी रुतली तर काढायला कोण येणार? पण ती अट फोनवर, पैसे घ्यायच्या आधी सांगायला हवी.

बाकीचं पटकन सांगते. बाहेर सरकवायची शेगडी फार उपयोगी, फोडणीचा वास आत राहत नाही, फक्त वाऱ्याला आडोसा करायला पत्रा न्या. मुख्य पलंगावर सासूबाई आणि मुलगी, मुलगा खालच्या बंकवर, वरच्या बंकवर सामान, आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाचा पलंग करून. त्या गाद्या पातळ आहेत, पाठीचा त्रास असेल तर वर घालायला काहीतरी न्या. दाराची पायरी जमिनीपासून बरीच उंच, गुडघेदुखीच्या माणसाला चढवत नाही. कंपनीने मागितल्यावर लगेच जोड-पायरी दिली, ती चांगली मजबूत होती. संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, पाच जणांत दोन दिवसांत भरते, त्यामुळे ती रिकामी करायच्या जागा, म्हणजे डंप पॉइंट, नकाशावर आधीच हेरून ठेवा. गाडी परत द्यायच्या आधी खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, मीठ आणि लाल माती दोन्ही चिकटतात, आणि सफाईचे वेगळे पैसे लागतात.

दोन मुलं आणि आजी असतील तर हीच गाडी घ्या. नुसते नवरा-बायको असाल तर अठरा फुटी पुरे, ओढायला हलकी. जुलैच्या सुट्टीत जायचं असेल तर ब्रूमच्या जागा फार आधी भरतात, त्या आधी पकडा आणि मग गाडी ठरवा. कंपनीला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा: सामानाला किती किलो मिळतील, वाळूच्या वाटेवर विमा आहे का, आणि जाळी मिज अडवणारी आहे का. तिसऱ्या प्रश्नाला “म्हणजे कसली जाळी?” असं उत्तर आलं, तर दुसऱ्या कंपनीचा नंबर फिरवा.