लिज्जतचा उडीद पापड : चव तर आहेच, पण पाकिटाचे पैसे कुणाकडे जातात तेही बघा

पापडाचा काय रिव्ह्यू लिहायचा असं वाटेल कुणाला, पण गेली कित्येक वर्षं आमच्या घरात महिन्याला दोन पाकिटं संपतात आणि त्यामागं एक कारण आहे ते मला नीट लिहून काढायचंय, म्हणून हा लांबलचक मजकूर. वेळ असेल तर वाचा.

आधी पापडाचं बोलते. आमच्याकडे उडीद-मिरीचं पाकीट ठरलेलं, अधूनमधून लसणाचं. पापड पातळ आणि सगळीकडे सारखा असतो, मधे जाड आणि कडेला कागद असला प्रकार नाही, त्यामुळे तळताना एकदम फुलतो आणि कडा कच्च्या राहत नाहीत. मिरी भरडलेली असते, पूड नाही, दाताखाली येते तेव्हा कळतं. हिंगाचा वास पाकीट फोडल्या फोडल्या येतो. मी स्वतः भाजून खाते, गॅस बारीक करायचा, चिमट्यात धरून सारखा फिरवत राहायचा, एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात तर काळा डाग पडतो आणि कडवट लागतो. तळायचा असेल तर तेल चांगलं तापू द्या, पापड टाकला की झाऱ्याने हलकं दाबा आणि लगेच काढा. मायक्रोवेव्हमधे पण होतो, पण मला तो कोरडा वाटतो. मीठ आणि पापडखार कुठल्याही पापडात असतोच, त्यामुळे बीपीवाल्यांनी एकावर थांबावं. पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात टाका, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता खरं कारण.

माझी मावशी लालबागला चाळीत राहायची. काका गिरणीत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे काय झालं ते मुंबईतल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, काकांची नोकरी गेली ती गेलीच. घरात तीन पोरं, सासू, आणि शिक्षण म्हणाल तर मावशी चौथी पास. शेजारच्या एका बाईने तिला लिज्जतच्या केंद्रावर नेलं. पहाटे उठून जायची, आदल्या दिवशी लाटलेले पापड द्यायचे, त्याची वणाई म्हणजे लाटायची मजुरी घ्यायची, आणि त्या दिवसाचं मळलेलं पीठ घेऊन घरी यायचं. मी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायचे तेव्हा खोलीभर पापड वाळत असायचे, उलट्या टोपल्यांवर, आणि आम्हा पोरांना पलीकडे पाय टाकायची बंदी. तिचं लाटणं बघण्यासारखं होतं, हात नुसता मनगटातून फिरायचा आणि पापड आपोआप गोल गोल सरकत मोठा व्हायचा, बोलताना खाली बघायची सुद्धा नाही.

एकदा मी लाटी मागितली. पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून खायची मजा ज्यांनी घेतलीय त्यांना कळेल मी किती हट्ट केला असेल. मावशीने दिली नाही. म्हणाली, "बाळा, हे पीठ माझं एकटीचं नाही गं, आम्हा सगळ्या बहिणींचं आहे. मोजून आणलंय, मोजून द्यायचंय." मग संध्याकाळी घरातली उडदाची डाळ दळून आणली आणि वेगळं पीठ भिजवून मला चार लाट्या करून दिल्या. तेव्हा राग आला होता. आज मी अकाउंट्समधे नोकरी करते, रोज बिलं आणि व्हाउचर बघते, आणि धंद्यातला प्रामाणिकपणा म्हटलं की मला ती लाटीच आठवते.

"आम्हा सगळ्या बहिणींचं" हे ती उगाच बोलण्यासाठी बोलत नव्हती. लिज्जतमधे पापड लाटणारी बाई कामगार नसते, मालकीण असते. सभासद बाईला बहीणच म्हणतात, नफा झाला तर वाटणी बहिणींची आणि तोटा झाला तर तोही बहिणींचाच. जात, धर्म काही विचारत नाहीत, जिला काम करायचंय आणि जी दर्जा पाळेल ती आत. पुरुष ड्रायव्हर, हिशेबनीस वगैरे म्हणून पगारावर असतात पण सभासद होऊ शकत नाहीत.

सुरुवात बहुतेकांना माहीत असेल तरी सांगते कारण आकडे बघितले की अजून अंगावर काटा येतो. १५ मार्च १९५९, गिरगावातली एक इमारत, गच्चीवर सात गुजराती बायका, जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. भांडवल ८० रुपये, ते पण छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून, म्हणजे छगनबाप्पांकडून उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पावसाळा आला तेव्हा पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं, एक खाट आणली आणि एक स्टोव्ह, पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाटेखाली! पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तुटके पापड शेजारीपाजारी वाटून टाकायचे, पाकिटात नाही घालायचे.

छगनबाप्पांची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. सुरुवातीला बायका दोन दर्जाचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बाप्पांनी सांगितलं की एकच करा, चांगलाच करा, आणि हिशेब चोख ठेवा, हा धंदा आहे, दानधर्म नाही. म्हणूनच बहुतेक संस्थेने देणग्या घ्यायच्या नाहीत हे धोरण पहिल्यापासून ठेवलं. "गरीब बायकांना मदत करा हो" असं म्हणून पापड विकणं किती सोपं होतं, पण तसं केलं असतं तर एकदा दया म्हणून कुणी घेतलं असतं आणि दुसऱ्यांदा दुसरीकडे गेलं असतं. १९६६ मधे संस्था रीतसर नोंदवली, त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, १९६८ मधे गुजरातेत वालोडला शाखा निघाली, आणि आज देशभर हजारो बहिणी आहेत. जसवंतीबेनना २०२१ मधे पद्मश्री मिळाली तेव्हा मावशीने फोन करून सांगितलं मला, जणू तिलाच मिळाली होती. आणि का नाही मिळाली म्हणायची!

(लिज्जतच्या टीव्हीवरच्या जाहिरातीतला ससा आठवतो ना? तो आपल्या बोलक्या बाहुल्यांवाल्या रामदास पाध्येंचा. मावशीच्या घरी तो लागला की सगळी पोरं ओरडायची, "आपला ससा आला".)

आता यातला माझा नोकरीचा भाग. मी आधी ज्या कंपनीत होते, नाव नाही घेत, तिथे सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, वेगळा विभाग होता. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. चांगला कायदा आहे, त्यातून शाळा झाल्यात, पाण्याच्या टाक्या झाल्यात, मी नाव ठेवणार नाही. पण त्याच कंपनीला दिवाळीच्या गिफ्टसाठी चटण्या-मसाल्याचे डबे एका बचत गटाने पुरवले होते आणि त्यांचं बिल माझ्या टेबलवर चार महिने पडून होतं. सही व्हायची नाही. त्या गटातली एक ताई दर आठवड्याला फोन करायची, आवाज कधी चढवला नाही तिने, फक्त विचारायची, "मॅडम, या आठवड्यात होईल का?" आणि मी "बघते" म्हणायचे. त्याच महिन्यात महिला सक्षमीकरणाचा कार्यक्रम झाला, हॉल, बॅनर, सत्कार, सगळ्याची बिलं आठवड्यात पास झाली. ती पण माझ्याच हातून गेली. मला अजून त्याचं वाईट वाटतं. लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ पासून आहे, आणि आता तर आयकरात पण आलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कर मोजताना खर्च म्हणून धरता येत नाहीत. तरी लोक टाळतात.

आणि तिकडे मावशीला पापड दिले की वणाई हातात. उद्या या, साहेब नाहीत, सही राहिली, असलं काही नाही. त्या रोजच्या पैशावर तिने महिन्याचा किराणा उधारीवर घेणं बंद केलं, आणि पोरांची फी तिने स्वतः जाऊन भरली. म्हणून मला कुणी विचारलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे काय तर मी आधी हेच विचारते की जो माल बनवतो त्याला पैसे कधी मिळतात आणि किती मिळतात, देणगीचा चेक नंतर बघू. लिज्जतच्या बहिणींनी देणग्या पण दिल्यात बरं का, लातूरच्या भूकंपानंतर चिंचोली जोगन गावात लोकांना घरं बांधून दिली, त्यासाठी बहिणींनी आपल्या वणाईतून पैसे काढले. मालकिणीच असल्यामुळे किती द्यायचे, कुणाला द्यायचे ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

सगळं गोडगोड आहे असं पण नाही म्हणत. लाटायचं काम अंगमोडं आहे. मावशीचे गुडघे आणि उजवा खांदा गेलाय, घरचं सगळं करून वर लाटायचं म्हणजे बाईचा दिवस किती लांब होतो ते मी जवळून पाहिलंय. घरून काम असल्याने तिला पोरांकडे बघता आलं हे खरं, आणि घरून काम असल्याने घरातल्या कुणी तिच्या हातातलं एक पण काम कमी केलं नाही हेही खरं. हे लिज्जतने करायचं काम नाही, हे आपल्या घरांनी करायचं होतं.

किंमत म्हणाल तर गल्लीतल्या सुट्ट्या पापडापेक्षा थोडी जास्त पडते आणि मला ती योग्य वाटते. घेताना पाकीट नीट बघून घ्या. आमच्याकडच्या एका दुकानदाराने मला घाईत तसल्याच रंगाचं भलतंच पाकीट दिलं होतं, घरी येऊन भाजला तर पापड जाड आणि सोड्याचा उग्र वास, मग नाव वाचलं. पाकिटावर "श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड" असं पूर्ण लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या.

मावशी आता अठ्ठ्याहत्तरची आहे, मुलाकडे असते डोंबिवलीला. मागच्या रविवारी जेवायला गेले तेव्हा मी नेलेलं पाकीट तिने स्वतः उघडलं, वरचा पापड काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि कडेवरून अंगठा फिरवत म्हणाली, "हात चांगला आहे हिचा." मग खालचे दोन पण बघितले, आणि सुनेला सांगितलं, तेल ठेव.