सात नयांच्या चौकटीतून ईशावास्य : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ईशावास्य उपनिषदात अवघे १८ मंत्र आहेत आणि ते सावकाश म्हटले तरी काही मिनिटांत संपतात. गेल्या आषाढापासून फाल्गुन अखेरपर्यंत, म्हणजे नऊ महिने, मी एवढ्याच मजकुरावर काढले आणि त्यासाठी जैन तर्कशास्त्रातील सप्तनयांची चौकट वापरली. नय म्हणजे वस्तूची एकच बाजू धरून तिच्याकडे पाहण्याची दृष्टी. या पद्धतीने वाचन करू इच्छिणाऱ्यांना आधीच काही गोष्टी कळाव्यात म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

यापूर्वी मी हे उपनिषद एका वेळी एक भाष्य घेऊन वाचत असे. शांकरभाष्य हातात असले की अद्वैताखेरीज दुसरा अर्थ संभवतच नाही असे वाटे, आणि द्वैतवादी मध्वाचार्यांचे विवरण वाचू लागलो की कालपर्यंत आपण इतका उघड भेद कसा पाहिला नाही याचे आश्चर्य वाटे. ज्याचे पुस्तक हातात त्याचे मत आपले, ही अवस्था वाचकाला शोभणारी नाही, हे मला अनेक वर्षे खुपत होते. सार्वजनिक वाचनालयात (हे वाचनालय नाशकात १८४० पासून आहे) जैन न्यायावरील पुस्तके चाळताना नयवादाची गाठ पडली आणि ही चौकट परक्या ग्रंथावर लावून पाहावी, असे मनात आले.

सात नय असे : नैगम, संग्रह, व्यवहार, ऋजुसूत्र, शब्द, समभिरूढ आणि एवंभूत. काही आचार्य मूळ पाचच मानून शेवटचे दोन शब्दनयाच्या पोटात घालतात. संग्रहनय सर्व वस्तूंमधील समान सत्ता तेवढी पाहतो, व्यवहारनय त्या सत्तेचे लोकव्यवहाराला उपयोगी पडतील असे भाग करतो आणि ऋजुसूत्र केवळ वर्तमान क्षणाची अवस्था खरी धरतो. नैगम सामान्य आणि विशेष या दोहोंना जागा देतो आणि संकल्पालाही वस्तू मानतो. चुलीवर नुसते आधण ठेवलेली बाई ‘भात करते आहे’ असे म्हणते, ते या नयाने खरे ठरते. शब्दनय लिंग, वचन, काळ आणि विभक्ती यांच्या भेदाने अर्थभेद मानतो. समभिरूढाला इंद्र, शक्र आणि पुरंदर हे पर्यायशब्दही वेगवेगळे वाटतात. एवंभूत तर एवढ्यावर थांबत नाही : क्रिया चालू असेल तेवढ्याच वेळी शब्द लागू पडतो, म्हणून शिकवीत नसलेल्या माणसाला त्या क्षणी शिक्षक म्हणता येत नाही.

या चौकटीचे खरे बळ असे की जैन आचार्यांनी इतर दर्शनांना तिच्यात स्थाने दिली आहेत. न्याय-वैशेषिक नैगमात, वेदान्त आणि सांख्य संग्रहात, चार्वाक व्यवहारात, बौद्ध ऋजुसूत्रात आणि शब्दालाच ब्रह्म मानणारे वैयाकरण शब्दनयात. यांतील प्रत्येकाने सत्याची एक बाजू धरली आहे. दुसरी बाजू नाकारल्यामुळे तो चुकतो. मल्लवादींच्या ‘द्वादशार नयचक्र’ या चाकाच्या रूपकावर रचलेल्या ग्रंथात तर बारा मतांचे बारा आरे आहेत, प्रत्येक आरा आधीच्या आऱ्याचे खंडन करतो आणि सर्वांना धरून ठेवणारा मधला तुंबा स्याद्वादाचा, म्हणजे प्रत्येक विधान एका अपेक्षेनेच खरे मानणाऱ्या जैन सिद्धान्ताचा, आहे. मूळ ग्रंथ हरवला असून सिंहसूरींच्या टीकेवरून तो पुन्हा जुळवावा लागला. बारा आरे माझ्या आवाक्याबाहेरचे वाटले, म्हणून सातांवर थांबलो.

मोठ्या आकाराच्या हिशेबाच्या वहीत समोरासमोरची दोन पाने एका मंत्राला आणि त्यांवर सात उभे रकाने, अशी मांडणी केली. प्रत्येक रकान्यात एकच प्रश्न : या नयाने पाहणारा माणूस मंत्रातील कोणत्या शब्दावर उभा राहील? अर्थ काय, हा प्रश्न मुद्दाम नंतरसाठी ठेवला. नऊ महिन्यांनंतर मी खात्रीने सांगू शकतो की या पद्धतीचा सगळा लाभ या एका प्रश्नात आहे. मतभेद मोठ्या सिद्धान्तांत असतात असे आपण समजतो. पुष्कळदा ते एखाद्या धातूत किंवा प्रत्ययात असतात.

पहिल्या मंत्रानेच याचा प्रत्यय दिला. ‘ईशा वास्यमिदं सर्वम्’ यातील ‘वास्यम्’ शंकराचार्य आच्छादणे या अर्थाच्या धातूपासून घेतात आणि चंदनाचा दृष्टान्त देतात : पाण्याच्या ओलीमुळे चंदनाला आलेला दुर्गंध, ते उगाळल्यावर, त्याच्या स्वतःच्या सुगंधाने झाकला जातो, तसे हे जग आत्म्याने झाकायचे. हे संग्रहनयाचे वाचन. मध्वाचार्य ‘ईशावास्यम्’ असा एकच शब्द घेऊन ईशाच्या निवासाला योग्य असा अर्थ करतात, आणि राहणारा व घर हे दोन असल्यामुळे भेद आपोआप उभा राहतो. ऋजुसूत्राच्या रकान्यात मी ‘जगत्यां जगत्’ लिहिले, कारण जगत् म्हणजे सतत जाणारे.

पण मला सर्वांत अधिक दिले ते शब्दनयाच्या रकान्याने. ‘तेन त्यक्तेन भुञ्जीथाः’ याचा मराठीत रुळलेला अर्थ ‘त्यागपूर्वक भोग घे’ असा आहे. शंकराचार्य मात्र ‘भुञ्जीथाः’चा अर्थ ‘पालयेथाः’, म्हणजे रक्षण कर, असा देतात. पाणिनीचे ‘भुजोऽनवने’ हे सूत्र सांगते की रक्षण हा अर्थ नसेल तेव्हा भुज् धातूला आत्मनेपद (संस्कृत क्रियापदाच्या प्रत्ययांच्या दोन गटांपैकी एक) लागते, आणि मंत्रातील रूप तर आत्मनेपदीच आहे. वैदिक प्रयोगांना पाणिनीय नियम काटेकोर लागू होत नाहीत, असे उत्तर देता येते आणि ते खोटेही नाही. तरीही ही जागा दिसल्यावर मी आठवडाभर पुढे सरकलो नाही. संन्यासी आणि गृहस्थ यांच्यातला, शतके चाललेला वाद एका क्रियापदाच्या प्रत्ययावर उभा असल्याचे इतकी वर्षे वाचूनही मला दिसले नव्हते, आणि ते दिसण्यासाठी मला एक रिकामा रकाना लागला.

माझी सारी नोकरी जमीन मोजणीत गेली, त्यामुळे प्लेन टेबलाची, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या मोजणीच्या फळीची, आठवण येणे स्वाभाविक होते. एकाच बिंदूवर दोन ठिकाणांहून नजर लावून रेघा ओढतात आणि त्या छेदतात तेथे बिंदू पक्का होतो; पण ती दोन ठिकाणे फार जवळ असली तर रेघा जवळजवळ एकमेकींवर पडतात आणि छेद भरवशाचा राहत नाही. शब्द, समभिरूढ आणि एवंभूत या तिघांबाबत मला हेच आढळले. पुष्कळ मंत्रांत त्यांनी तेच तेच सांगितले आणि मार्गशीर्षापर्यंत मी केवळ रकाना भरायचा म्हणून लिहू लागलो होतो. संग्रह आणि ऋजुसूत्र समोरासमोर ठेवले की मात्र छेद नेहमी चांगला मिळाला. नव्याने सुरुवात करणाऱ्याने संग्रह, व्यवहार, ऋजुसूत्र आणि शब्द एवढे चारच रकाने घ्यावेत, असे माझे मत झाले आहे.

कार्तिकात म्हसरूळच्या गजपंथ या जैन तीर्थाच्या पायऱ्या उतरताना, बरोबर असलेल्या, स्वाध्यायात मुरलेल्या एका वडीलधाऱ्या जैन स्नेह्यांना मी वही दाखवली. त्यांनी दहाएक पाने शांतपणे पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, तुम्ही नय लिहायला बसलात आणि दुर्नय लिहून ठेवलेत. प्रत्येक रकान्यात ‘हाच अर्थ’ आहे.” हेमचंद्राचार्यांची विभागणी त्यांनी सांगितली : ‘सदेव’ म्हणजे आहेच, हा दुर्नय, ‘सत्’ म्हणजे आहे, हा नय, ‘स्यात् सत्’ म्हणजे एका अपेक्षेने आहे, हे प्रमाण. घरी येऊन मी वहीतला एकेक ‘च’ शोधून खोडला. हे काम भाषेच्या टापटिपीचे नव्हते. निम्म्या ठिकाणी ‘च’ काढल्यावर वाक्यात काही उरलेच नाही, आणि ती वाक्ये मला पुन्हा लिहावी लागली.

दुसरा आक्षेप पंचवटीतील एका वैदिक गुरुजींचा. ते शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे असल्यामुळे त्यांच्या संहितेत हे उपनिषद म्हणजे चाळिसावा अध्याय असून तो १७ मंत्रांचा आहे आणि संभूती-असंभूतीचे मंत्र विद्या-अविद्येच्या मंत्रांआधी येतात, म्हणून माझ्या वहीतले क्रमांक त्यांच्याशी जुळेनात. ते दुरुस्त करता आले. त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता : “मंत्र कानावर पडायच्या आधीच तुम्ही त्याला खण नेमून देता. आधी पाठ करा, मग बोला.” हे मला मान्य करावे लागले. ‘तदेजति तन्नैजति’, ते हलते आणि ते हलत नाही, हा पाचवा मंत्र मी एका संध्याकाळी हातावेगळा केला होता : द्रव्याच्या, म्हणजे मूळ वस्तूच्या, अपेक्षेने अचल, पर्यायाच्या, म्हणजे तिच्या बदलत्या अवस्थेच्या, अपेक्षेने चल. उपनिषदाने मात्र ‘अपेक्षेने’ हा शब्द कोठेही घातलेला नाही. त्याने दोन्ही विधाने एका श्वासात शेजारी ठेवली आहेत आणि ऐकणाऱ्याने तेथे अडावे अशीच ती रचना आहे. जेथे थांबायला हवे होते तेथे चौकटीने मला लगेच पलीकडे नेले. त्यानंतर प्रत्येक मंत्र आठ दिवस केवळ म्हणायचा आणि मगच वही उघडायची, असा नेम केला. पुढील वाचनाची प्रत त्यानंतर स्पष्टपणे सुधारली.

चौकट स्वतः कोठून आली आहे, हेही विसरता येत नाही. जैन दर्शन जगाचा नियंता ईश्वर मानत नाही, म्हणून ‘ईश’ या शब्दाला तिच्यात स्वतःचे घर नाही. तो सत्ता म्हणून संग्रहात किंवा शासन करणारा म्हणून एवंभूतात पाहुण्यासारखा राहतो. सगळ्या मतांना जागा देणारा तुंबाही अखेर एका दर्शनाचाच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत बौद्ध विहारांच्या ओळीतच ११ क्रमांकाच्या लहान लेण्यात तीर्थंकर आहेत आणि १० क्रमांकाच्या लेण्यातील लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात ब्राह्मणांना दिलेली दाने आणि भिक्षुसंघाला दिलेले लेणे एकत्र नोंदवतो. तेथे कोणी कोणाला कोणत्या खणात बसवलेले नाही, हे मला या महिन्यांत पहिल्यांदा जाणवले.

एवढे असूनही ही पद्धत मी सोडणार नाही. ज्यांनी मूळ संहिता निदान अन्वयासह वाचली आहे आणि ज्यांच्याजवळ किमान दोन परस्परविरोधी भाष्ये आहेत, त्यांनी ती अवश्य वापरावी. ज्यांना ग्रंथाची पहिलीच ओळख करून घ्यायची आहे, त्यांना ती अकाली पडेल.

शेवटचे चार मंत्र फाल्गुनात आले आणि तेथे वही अडली. सोन्याच्या पात्राने सत्याचे मुख झाकले आहे, ते हे पूषन्, तू दूर कर. येथे कोणी काही प्रतिपादन करीत नाही, मागणे मागतो आहे. नय विधानांना लागतात. प्रार्थनेला कोणता लावायचा, हे मला ठरवता आले नाही. अठरावा मंत्र, गुरुजींच्या संहितेतला सोळावा, ‘अग्ने नय सुपथा’ असा सुरू होतो. ज्या नी धातूपासून माझ्या सातही रकान्यांचे नाव आले, त्याच धातूचे हे आज्ञार्थी रूप : ‘ने’. त्या दोन पानांवर रकाने आखलेले आहेत, वर मंत्र लिहिलेला आहे आणि खाली अजून काही लिहिलेले नाही.