पहिल्याच रात्री गाढ झोप लावणारी 'जडीबुटी'

झोपेच्या औषधाच्या नावावर दोन प्रकारे फसवलं जातं. एकात पैसे जातात, दुसऱ्यात तब्येतही जाते. दुसरा प्रकार ओळखणं अवघड, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो आहोत.

पहिला प्रकार शहरांत वर्षानुवर्षं चालू आहे. बँकेबाहेर, बागेत किंवा दवाखान्याच्या दारात साठीपुढच्या माणसाला कोणीतरी गाठतं. "काका, डोळे फार ओढलेले दिसतात, झोप होत नाही का? माझ्या वडिलांचं अगदी असंच होतं." मग कुठल्याशा वैद्यांचं नाव निघतं आणि तो स्वतःच गाडीवर बसवून दुकानात नेतो. तिथे नाडी बघतात आणि चिठ्ठीवर पाच-सहा नावं लिहितात. अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी ही ओळखीची नावं वाचून माणूस निश्चिंत होतो. शेवटचं नाव कुठल्या तरी भस्माचं असतं. त्याचा भाव विचारला तर "तीनशे" एवढंच उत्तर येतं. तीनशे कशाचे, ते सांगत नाहीत. सगळं खलात घालून समोरच घोटतात आणि मग बिल हातात पडतं: भस्म ६० ग्रॅम, ग्रॅमला ₹३००, म्हणजे ₹१८,०००. "आता घोटलं, परत घेता येत नाही." पैसे नसतील तर एटीएमपर्यंत सोबत माणूस देतात. इथे सगळी मेख घोटण्यात आहे. वस्तू सुट्या असेपर्यंत गिऱ्हाईक नाही म्हणू शकतं, एकदा मिसळल्या की त्याला ओशाळवाणं होतं. म्हणून खलाला हात लागण्याआधी प्रत्येक वस्तूचं वजन, दर आणि एकूण रक्कम कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर तिथून निघा. घोटून झालं असलं तरी पैसे देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. दमदाटी झाली तर ११२ ला फोन करा.

आता दुसरा प्रकार. यात जडीबुटीचं चूर्ण म्हणून बिनलेबलाची पुडी मिळते, बऱ्याचदा फोनवर मागवलेली आणि कुरिअरने आलेली. ही पुडी खरंच काम करते, आणि संशय नेमका तिथेच घ्यायला हवा.

वनस्पतींची गती माहीत असली की हे लक्षात येतं. झोपेसाठी अश्वगंधेचे जे अभ्यास झाले, त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, आठ ते दहा आठवडे दिला होता, आणि फरक माफकच पडला. मुळाच्या चूर्णाची प्रचलित मात्रा ३ ते ६ ग्रॅम, जटामांसीची २ ते ३ ग्रॅम. तगर किंवा जटामांसीने थोडी सुस्ती येते, मन जरा शांत होतं. पण अर्ध्या तासात शुद्ध हरपल्यासारखी झोप पहिल्याच रात्री लागली, तर ते काम बहुधा मुळीचं नाही. त्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी झोपेची गोळी कुटून घातलेली असण्याची शक्यता धरूनच चालावं. अल्प्राझोलाम हे शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि औषधविक्रेत्याला विक्रीची नोंद तीन वर्षं जपावी लागते. तेच औषध बिनलेबलाच्या पुडीत बिनबोभाट घरात शिरतं.

भेसळ हाताने केलेली असते आणि तिथेच ती उघडी पडते. ५ ग्रॅम चूर्णात अर्धा मिलिग्रॅम औषध म्हणजे दहा हजारांत एक भाग. एवढं थोडं औषध परातीत हात फिरवून सारखं मिसळत नाही. त्यामुळे एकाच डब्यातला एक चमचा रात्रभर गुंगवतो, तर दुसऱ्या चमच्यावर पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. कधी एकाच मात्रेत दोन-तीन गोळ्यांचा ऐवज जातो. मग सकाळी डोकं जड, जीभ जड, पाऊल अडखळतं, रात्री जेवताना काय बोलणं झालं ते आठवत नाही. म्हाताऱ्या माणसाला पहाटे बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. जो जोरात घोरतो आणि ज्याचा झोपेत श्वास अडकतो त्याला, आणि दारू घेणाऱ्याला, हा धोका आणखी मोठा.

सगळ्यात दुष्ट भाग पुढे येतो. काही आठवडे पुडी घेतली की शरीराला तिची सवय लागते. डबा संपला की दोन-तीन दिवसांत धडधड, घाम, हातांना कंप आणि आधीपेक्षाही वाईट निद्रानाश सुरू होतो. घरचे म्हणतात, "बघ, औषध सोडलं आणि दुखणं उलटलं." फोनवरचा 'आयुर्वेदाचार्य'ही हेच सांगतो आणि तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारतो. प्रत्यक्षात तो मूळ आजार नसतो, सवय लागलेली ती लपवून दिलेली गोळी अचानक तुटल्याचा त्रास असतो. म्हणून कळकळीने सांगतो: अशी पुडी रोज घेत असाल आणि संशय आला, तर त्याच रात्री एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस आणि किती चमचे घेतली ते सांगा. ते मोजून दिलेल्या गोळीवर आणून मात्रा हळूहळू उतरवतात. पुडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची बेंझोडायझेपाइन (अल्प्राझोलाम, डायझेपाम ज्या गटातली आहेत तो गट) चाचणी करता येते. ती पॉझिटिव्ह आली तर मोठा धागा हाती लागतो. निगेटिव्ह आली म्हणून पुडी निर्दोष ठरत नाही, कारण क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम साध्या चाचणीतून निसटू शकतं आणि झोल्पिडेम ही झोपेची गोळी त्या गटातच येत नाही.

सगळ्या वनस्पती सौम्य असतात असंही नाही. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. रक्तदाब उतरवणारी, मन खिन्न करू शकणारी ही मुळी आधीच बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याला न सांगता दिली तर चक्कर ठरलेली. भांग, खुरासानी ओवा, धोतरा ही औषधं कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. पोटात घ्यायच्या औषधात ती असतील तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना वेष्टनावर लागते. अश्वगंधासुद्धा गरोदरपणात, थायरॉइडच्या किंवा यकृताच्या दुखण्यात स्वतःच्या मनाने घेऊ नये. आणि घरगुती जायफळ दुधात एक-दोन वेढे उगाळलं तर ठीक, पण अख्खं फळ पूड करून घेतलं तर धडधड आणि भास होतात.

मालाची भेसळ हा वेगळा विषय. अश्वगंधेचं मूळ महाग, पाला स्वस्त. पाला वापरू नये अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती. शक्यतो अख्खी मुळं घ्या: बाहेरून मळकट पिवळसर, मोडल्यावर आत पांढरं आणि पिठूळ, वास उग्र. चूर्ण हिरवट दिसलं तर परत करा. जटामांसी हिमालयात उंचावरच उगवते आणि तिच्या व्यापारावर निर्बंध आहेत. म्हणून स्वस्तातल्या जटामांसीत तगर किंवा दुसरीच मुळं असतात. खऱ्या काडीवर तांबूस-तपकिरी तंतूंचा दाट झुपका असतो.

डबाबंद माल घेताना वेष्टन वाचा. 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, घटकांची यादी, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि मुदत, एवढं पाहिजेच. नुसता चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर तो खाद्यपदार्थाचा परवाना झाला, औषधाचा नव्हे. नोंदणीकृत वैद्य मात्र स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवून देऊ शकतात, त्यामुळे लेबल नसलेली प्रत्येक पुडी बेकायदा नसते. तिथे वैद्यांचा नोंदणी क्रमांक विचारावा, तो महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे पडताळावा आणि पुडीत काय आहे ते लिहून घ्यावं. चांगले वैद्य याचा राग धरत नाहीत.

फसवणूक झालीच, तर पुरावा बहुतेक वेळा स्वयंपाकघरात नष्ट होतो. चूर्ण स्टीलच्या डब्यात ओततात, पाकीट कचऱ्यात जातं. पाकीट, कुरिअरचं लेबल, बिल आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. एक पाकीट न फोडता बाजूला काढा. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर तक्रार करा आणि जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नमुना औषध निरीक्षकाने रीतसर घेतला तरच तो कोर्टात टिकतो, खासगी प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडायला उपयोगी पडतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, कारण उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकते. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि दिलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. 'पैसे परत देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा फोन त्यानंतर हमखास येतो. तो बहुतेकदा त्याच टोळीचा असतो, कारण तुमचा नंबर आणि तुम्ही किती पैसे दिले हे तिलाच माहीत असतं.